भाजलेल्या रुग्णांतील प्रतिजैव-मात्रानिश्चिती

गंभीर रीत्या भाजलेल्या रुग्णास जंतुसंसर्ग झाल्यास कोणते प्रतिजैव (सूक्ष्मजीवांपासून मिळणारे अथवा त्या धर्तीवर कृत्रिम रीत्या बनविलेले जंतुनाशक वा जंतुवाढरोधक औषध) किती प्रमाणात, किती अंतराने व किती दिवस द्यावयाचे, हे ठरविण्याच्या प्रक्रियेस प्रतिजैव-मात्रानिश्चिती म्हणता येईल. निरोगी स्वयंसेवक व सामान्य रुग्ण यांच्यावरील निरीक्षणांवरून ठरलेली नेहमीची मात्रा भाजलेल्या रुग्णात पुष्कळदा अपुरी पडते, ही गोष्ट १९७० नंतरच्या दशकात मोजमापांनी सिद्ध झाली. तत्पूर्वी सु. तीस वर्षे अशा रुग्णांना नेहमीच्याच मात्रा दिल्या जात होत्या. उपचार निष्फळ ठरला, तर त्याचे कारण भाजण्याची व्याप्ती, रुग्णाची खालावलेली प्रतिकारशक्ती किंवा जंतूंचा औषधरोध यांत शोधले जाई. रुग्णाच्या रक्तात औषध पुरेसे होते की नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जाई आणि विचारला तरी त्याचे उत्तर वेळेवर मिळण्याची सोय नव्हती. मात्रा जशी औषधाच्या गुणधर्मांवर, तशीच रुग्णाच्या त्या त्या वेळच्या शरीरस्थितीवरही अवलंबून असते, हे तत्त्व भाजलेल्यांच्या उपचारांतून विशेष ठळकपणे पुढे आले. पुढे ते अतिदक्षता विभागांतील इतर रुग्णांनाही लागू करण्यात आले.

शरीरक्रियेतील बदल : या इतिहासाचा अर्थ लागण्यासाठी मोठ्या प्रमाणावर भाजल्यानंतर शरीरात काय घडते ते पाहणे आवश्यक आहे. हे बदल स्थूलमानाने दोन अवस्थांत विभागले जातात. पहिली अवस्था अवसादाची (रक्ताभिसरण कोलमडण्याची) असून ती साधारणपणे पहिले दोन दिवस टिकते. या काळात केशिकांच्या (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या) भित्ती गळू लागतात. रक्तातील पाणी, लवणे व प्रथिने ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांत) झिरपतात, अंगावर सूज येते, हृदयाकडून होणारा रक्ताचा पुरवठा घटतो आणि मूत्रपिंडांचे कार्य मंदावते. ही उणीव भरून काढण्यासाठी नीलेतून द्रव दिले जातात. डॅलस येथील चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६८ साली मांडलेल्या व पार्कलंड या नावाने प्रसिद्ध असलेल्या सूत्रानुसार पहिल्या चोवीस तासांत शरीराच्या दर किग्रॅ. वजनास व भाजलेल्या पृष्ठभागाच्या दर शेकडा एक भागास ४ मिलि. द्रव द्यावा लागतो. म्हणजे ६० किग्रॅ. वजनाच्या व शेकडा ४० भाग भाजलेल्या रुग्णास एका दिवसात ९.६ लि. द्रव द्यावा लागेल. एवढा द्रव शरीरात गेल्यावर पाण्यात विरघळणारी औषधे ज्या घनफळात पसरतात ते वितरण-घनफळ वाढते आणि तेवढ्याच औषधाची रक्तातील संहती (विद्रावातील प्रमाण) कमी होते.

दुसरी अवस्था अतिचयापचयाची होय. ग्लासगो येथील डेव्हिड कथबर्टसन यांनी १९४२ साली गंभीर इजेनंतरच्या चयापचयाचे (शरीरात सतत होणाऱ्या भौतिक व रासायनिक घडामोडींचे) वर्णन ओहोटी व भरती अशा दोन टप्प्यांत केले होते. त्यातील भरतीचा टप्पा भाजलेल्या रुग्णांत सर्वांत तीव्र असतो. हृदय नेहमीपेक्षा कितीतरी अधिक रक्त बाहेर टाकते, मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो व तेथील केशिकागुच्छांतून होणारे गाळणही वाढते. परिणामी मूत्रावाटे उत्सर्जित होणारी औषधे नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडतात. काही औषध जखमांतून स्रवणाऱ्या द्रवाबरोबरही जाते. रक्तातील अल्ब्युमीन हे प्रथिन घटते, त्यामुळे त्याला बांधले जाणारे औषध अधिक प्रमाणात मुक्त राहते. असे मुक्त औषध जंतूंवर क्रिया करू शकते, परंतु त्याचे उत्सर्जनही जलद होते. ही अवस्था कित्येक आठवडे टिकू शकते आणि जंतुसंसर्गाचा खरा धोका याच काळात असतो. म्हणजेच रुग्णाला प्रतिजैवाची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी त्याचे शरीर ते सर्वांत वेगाने बाहेर टाकत असते.

याशिवाय एक स्थानिक अडचणही आहे. खोलवर भाजलेल्या भागावरील मृत त्वचेची जाड व कडक खपली रक्तवाहिन्यांविरहित असते. जंतूंना ती पोषक ठरते. पण रक्तातून येणारे औषध तेथपर्यंत पोहोचत नाही.

प्रारंभीचा काळ : रक्तातील औषधाचे प्रमाण मोजून मात्रा ठरविण्याची कल्पना प्रतिजैवांपूर्वीची आहे. अमेरिकेतील ए. सी. ब्रॅटन व ई. के. मार्शल यांनी १९३९ साली सल्फा औषधांची रक्तातील संहती रंगमापनाने काढण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध केली व त्यामुळे या औषधांच्या मात्रांना काही शास्त्रीय आधार मिळाला. पेनिसिलिनाच्या बाबतीत मात्र प्रारंभी प्रश्न होता तो पुरवठ्याचा. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड येथे ॲल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसावर पेनिसिलिनाचा उपचार करण्यात आला. औषध इतके दुर्मिळ होते की, रुग्णाच्या मूत्रातून ते परत मिळवून पुन्हा वापरावे लागले. प्रकृतीत सुधारणा दिसत असतानाच साठा संपला आणि मार्चमध्ये रुग्ण दगावला. हा रुग्ण भाजलेला नव्हता. तथापि पेनिसिलीन मूत्रपिंडांवाटे किती झपाट्याने शरीराबाहेर जाते, याचे हे प्रसिद्ध उदाहरण ठरले.

भाजलेल्या रुग्णांना पेनिसिलीन देण्याचा गाजलेला प्रसंग बॉस्टन येथील होय. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी तेथील कोकोनट ग्रोव्ह या रात्री चालणाऱ्या करमणूकगृहास आग लागून ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. मॅसॅचूसेट्स जनरल रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी न्यू जर्सी राज्यातील राहवे येथील मर्क कंपनीने पेनिसिलीनयुक्त ३२ लि. द्रव पोलिसांच्या संरक्षणात पाठविला. त्या वेळी दिलेल्या मात्रा काही हजार एककांच्या होत्या. पुढे हेच औषध लाखो एककांत देण्यात येऊ लागले, हे लक्षात घेता त्या मात्रांनी फारसे साध्य झाले नसावे. या दुर्घटनेने द्रवोपचार, श्वसनमार्गाच्या इजा व जखमांची निगा यांविषयीच्या ज्ञानात मोठी भर घातली. मात्रेचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मात्रेमागील तत्त्व उलगडण्यास याच दशकाच्या अखेरीस सुरुवात झाली. अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी ईगल यांनी प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, पेनिसिलिनाचा परिणाम मुख्यत्वे त्याची संहती जंतूंना रोधक अशा पातळीच्या वर किती वेळ राहते यावर अवलंबून असतो. ती पातळी कितीही उंच नेली, तरी त्या मानाने लाभ वाढत नाही. भाजलेल्या रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ महत्त्वाचा होता, कारण औषध लवकर बाहेर पडले की, नेमका हा काळच आखूड होतो. परंतु हा संबंध प्रत्यक्ष जोडला जाण्यास आणखी काही दशके जावी लागली.

स्थानिक उपचारांचा कालखंड : ब्रिटनमध्ये लेनर्ड कोलब्रुक यांनी प्रथम ग्लासगो येथे व नंतर बर्मिंगहॅम ॲक्सिडेंट रुग्णालयात भाजलेल्यांच्या जखमांतील संसर्गाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. जखमेवर पेनिसिलीनयुक्त मलम लावणे, पट्टी बदलण्यासाठी शुद्ध हवेची स्वतंत्र खोली वापरणे इ. उपायांनी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा प्रादुर्भाव बराच आटोक्यात आला. त्यांच्यानंतर तेथील कार्य एडवर्ड लोबरी यांनी पुढे चालविले. डग्लस जॅक्सन, लोबरी व एलिझाबेथ टॉपली यांचे १९५१ सालचे निबंध या क्षेत्रात पायाभूत मानले जातात. एका जंतूचा बंदोबस्त केला की, त्याची जागा दुसरा घेतो, हे या केंद्रात पुन:पुन्हा दिसून आले. स्ट्रेप्टोकॉकसामागून पेनिसिलिनाला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस आले व त्यांच्या जोडीस स्यूडोमोनस एरुजिनोजा हा ग्रॅम-अव्यक्त (ग्रॅम यांच्या रंजनपद्धतीत मूळ रंग धरून न ठेवणारा) जंतू प्रबळ झाला. १९६९ साली लोबरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जंतूतील कार्बेनिसिलिनाचा रोध एका जंतूकडून दुसऱ्याकडे संक्रमित होऊ शकतो, असे दाखविले.

अमेरिकेत टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथील सैनिकी संशोधन केंद्राने १९६४ च्या सुमारास जखमेतील स्यूडोमोनस जंतू खपलीखालच्या जिवंत ऊतकांत कसे शिरतात हे स्पष्ट केले. खपलीपर्यंत रक्तातून औषध जात नसल्याने तेथे मॅफेनाइडाचे मलम लावण्यात येऊ लागले. कार्ल मॉयर यांनी १९६५ साली सेंट लूइस येथे सिल्व्हर नायट्रेटाचा शेकडा ०.५ विद्राव व चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ साली न्यूयॉर्क येथे सिल्व्हर सल्फाडायाझीन हे औषध प्रचारात आणले. या उपायांनी मृत्यूंचे प्रमाण घटले. परंतु मलमातील औषधाची मात्रा मोजता येत नाही, हा दोष राहिला. निओमायसिनासारखी औषधे विस्तीर्ण उघड्या जखमेवर लावल्यास रक्तात शोषली जातात व त्यांमुळे श्रवणशक्तीस इजा होऊ शकते, असे अनुभवास आले. १९७० साली मारिबॉर (आता स्लोव्हेनिया) येथील झोरा यांझेकोविच यांनी मृत त्वचा लवकर कापून काढून त्वचारोपण करण्याची पद्धती मांडली. तिच्या प्रसाराबरोबर खपलीतील संसर्गाचे प्रमाण कमी होत गेले; पण रक्तातील व फुप्फुसांतील संसर्गासाठी अंतःक्षेपणाने (सुईवाटे शरीरात औषध घालण्याच्या क्रियेने) द्यावयाच्या प्रतिजैवांची गरज कायमच राहिली.

जेंटामायसीन व मात्रेचा प्रश्न : १९६३ साली जेंटामायसिनाचा शोध जाहीर झाला. स्यूडोमोनसासह अनेक ग्रॅम-अव्यक्त जंतूंवर परिणामकारक असल्याने भाजलेल्यांच्या उपचारांत त्याला लवकरच महत्त्व आले. हे औषध पाण्यात सहज विरघळणारे व जवळजवळ सर्वस्वी मूत्रपिंडांवाटे उत्सर्जित होणारे आहे. प्रमाणाबाहेर साठल्यास ते मूत्रपिंड व अंतर्कर्ण यांना अपाय करते. यामुळे दिवसास दर किग्रॅ. वजनास ३ ते ५ मिग्रॅ. एवढी मात्रा तीन भागांत विभागून देण्याचा परिपाठ पडला व वैद्य तिच्यापलीकडे जाण्यास धजत नसत. ही सावधगिरी अनाठायी नव्हती. कायमचे बहिरेपण अथवा मूत्रपिंडांची निष्क्रियता हे दुष्परिणाम नजरेस येणारे होते. अपुऱ्या मात्रेमुळे झालेला मृत्यू मात्र संसर्गामुळे झालेल्या इतर मृत्यूंपेक्षा वेगळा ओळखू येत नसे. एका बाजूची चूक दिसत होती व दुसऱ्या बाजूची दिसत नव्हती. त्यामुळे मात्रा कमी ठेवण्याकडे कल राहणे स्वाभाविक होते.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय मुख्यत्वे मिनेसोटा राज्यातील औषधविज्ञांच्या एका गटास दिले जाते. सेंट पॉल येथील रॅम्झी वैद्यकीय केंद्रातील डार्विन झॅस्के व मिनेसोटा विद्यापीठातील रॉनल्ड सॉचक यांनी भाजलेल्या रुग्णांना जेंटामायसीन नीलेतून दिल्यानंतर ठराविक वेळाने रक्ताचे नमुने घेतले व त्यांतील औषधाच्या संहतीवरून प्रत्येक रुग्णातील वितरण-घनफळ व अर्धायुष्य (संहती निम्मी होण्यास लागणारा काळ) ही काढली. १९७६ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. बहुसंख्य रुग्णांत औषधाचे अर्धायुष्य अपेक्षेपेक्षा बरेच कमी होते आणि उपयुक्त पातळी गाठण्यासाठी नेहमीपेक्षा मोठ्या मात्रा कमी अंतराने देणे भाग होते. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, रुग्णारुग्णांतील फरक फार मोठा होता. म्हणून नेहमीच्या मात्रेऐवजी दुसरी एखादी मोठी ठराविक मात्रा सर्वांना देणेही युक्त नव्हते. प्रत्येकाची मात्रा स्वतंत्रपणे काढावयास हवी होती. नमुन्यांवरून अशी मात्रा काढण्याची रीत पुढे सॉचक-झॅस्के पद्धती या नावाने ओळखली जाऊ लागली. १९७८ साली ॲमिकासिनाच्या बाबतीतही असेच निष्कर्ष त्यांनी मांडले.

जेंटामायसीन इतक्या लवकर कोठे जाते, याचे उत्तर १९७८ मध्ये फ्रान्समधून आले. फिलिप ल्वारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णांत केशिकागुच्छांतील गाळणाची त्वरा वाढलेली असते व त्यामुळे टोब्रामायसिनाचे अर्धायुष्य घटते, असे दाखवून दिले. मूत्रपिंड बिघडल्यास मात्रा कमी करावी, हे वैद्यांना माहीत होते. ते नेहमीपेक्षा अधिक जोमाने काम करू लागल्यास मात्रा वाढवावी लागते, ही त्याची दुसरी बाजू या अभ्यासाने समोर आणली. झॅस्के व सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यक्तिशः ठरविलेल्या मात्रा मिळालेल्या रुग्णांत जगण्याचे प्रमाण अधिक आढळले. अशा तुलनांत त्याच काळात झालेल्या अन्य सुधारणांचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. तथापि या निबंधामुळे या पद्धतीस मोठी मान्यता मिळाली.

गणिती स्पष्टीकरण : मात्रेतील फरक किती निर्णायक ठरतो हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. ७० किग्रॅ. वजनाच्या दोन रुग्णांना प्रत्येकी ८० मिग्रॅ. जेंटामायसीन दर आठ तासांनी दिले जात आहे असे समजू. पहिल्याचे वितरण-घनफळ दर किग्रॅ. वजनास ०.२५ लि., म्हणजे एकूण १७.५ लि. व अर्धायुष्य २.५ तास आहे. दुसरा भाजलेला असून त्याचे वितरण-घनफळ दर किग्रॅ. वजनास ०.३५ लि., म्हणजे २४.५ लि. व अर्धायुष्य १.२ तास आहे. गणित सोपे होण्यासाठी औषध एकदम रक्तात मिसळले असे धरल्यास पहिल्या मात्रेनंतर प्रारंभीची संहती पहिल्या रुग्णात दर लिटरास सु. ४.६ मिग्रॅ. व दुसऱ्यात सु. ३.३ मिग्रॅ. येते. दर लिटरास १ मिग्रॅ. या पातळीच्या वर औषध पहिल्या रुग्णात सु. साडेपाच तास, तर दुसऱ्यात जेमतेम दोन तास राहते. पुढची मात्रा मिळेपर्यंत दुसऱ्याच्या रक्तात औषध जवळजवळ उरतच नाही. प्रारंभीच्या संहतीतील फरक फार मोठा नसताना परिणामकारक काळ मात्र निम्म्याहूनही कमी होतो. दोघांच्या खाटेवरील तक्त्यात मात्र मात्रा एकच लिहिलेली असते.

मापनपद्धतींचा विकास : व्यक्तिशः मात्रा ठरविणे हे रक्तातील औषध वेळेवर मोजता येण्यावर अवलंबून होते. जुन्या पद्धतीत जंतूंची पेरणी केलेल्या आगराच्या थरावर रक्तरसाचा नमुना ठेवून त्याभोवती जंतूंची वाढ किती अंतरापर्यंत थांबली ते मोजीत. त्यास बराच वेळ लागे व रुग्णास दुसरेही प्रतिजैव चालू असल्यास निष्कर्ष चुकत असे. १९७२ मध्ये जेंटामायसिनासाठी किरणोत्सर्गी द्रव्यावर आधारलेली प्रतिरक्षामापन पद्धती (प्रतिपिंडांच्या साहाय्याने पदार्थाचे प्रमाण ठरविण्याची पद्धती) उपलब्ध झाली. त्यानंतर किरणोत्सर्गी द्रव्याची गरज नसलेल्या एंझाइमी व अनुस्फुरण (विशिष्ट प्रकाश पडला असता पदार्थाने प्रकाश देण्याचा आविष्कार) यांवर आधारलेल्या पद्धती आल्या. १९८० नंतरच्या दशकात स्वयंचलित यंत्रांमुळे थोड्या वेळात उत्तर मिळू लागले व पुढची मात्रा देण्यापूर्वी ती सुधारणे शक्य झाले.

मूत्रपिंडांची कार्यक्षमता अप्रत्यक्षपणे काढण्याचे डोनल्ड कॉकक्रॉफ्ट व हेन्री गॉल्ट यांचे सूत्रही १९७६ सालचेच. रुग्णाचे वय, वजन व रक्तातील क्रिॲटिनीन यांवर ते आधारलेले असून सामान्य व्यवहारात उपयुक्त ठरले आहे. परंतु क्रिॲटिनीन स्नायूंपासून तयार होते आणि भाजलेल्या रुग्णाचे स्नायू झपाट्याने झिजतात. शिवाय अंगावरील सुजेमुळे वजनही फसवे असते. त्यामुळे अशा सूत्रांनी काढलेला अंदाज या रुग्णांत दोन्ही दिशांनी चुकू शकतो. ठराविक तासांचे मूत्र गोळा करून क्रिॲटिनिनाचे उत्सर्जन प्रत्यक्ष मोजणे ही जुनी रीत येथे अधिक भरवशाची ठरते.

इतर प्रतिजैवे : व्हँकोमायसीन हे औषध १९५८ पासून वापरात असले, तरी मेथिसिलीनरोधी स्टॅफिलोकॉकसाच्या प्रसारानंतर त्याचे महत्त्व वाढले. १९९० साली डिट्रॉइट येथील एम. जे. रायबाक व सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांत त्याचेही उत्सर्जन जलद होते व त्यामुळे मोठी मात्रा लागते, असे दाखविले. या औषधाच्या बाबतीत पूर्वी पुढच्या मात्रेच्या आधीची नीचतम पातळी पाहत. २०२० मध्ये सुधारलेल्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार गंभीर मेथिसिलीनरोधी संसर्गात दिवसभरातील संहती-काल आलेखाखालील क्षेत्रफळ हा आधार मानण्यात येऊ लागला.

पेनिसिलीनवर्गीय औषधे, सेफॅलोस्पोरिने व कार्बापेनेमे यांच्या विषारीपणाची भीती कमी असल्याने त्यांची रक्तातील पातळी मोजण्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. १९८० नंतरच्या दशकात विस्कॉन्सिन येथील विल्यम क्रेग यांच्या कार्यामुळे ईगल यांचे जुने तत्त्व नव्या परिभाषेत पुढे आले. या औषधांसाठी संहती किमान रोधक पातळीच्या वर राहण्याचा काळ महत्त्वाचा, तर जेंटामायसीनवर्गीय औषधांसाठी उच्चतम संहतीचे त्या पातळीशी असलेले गुणोत्तर महत्त्वाचे, असा भेद स्पष्ट झाला. त्यानुसार पहिल्या वर्गातील औषधे नीलेतून कित्येक तास संथपणे वा अखंड देण्याची आणि दुसऱ्या वर्गातील औषधे दिवसातून एकदा मोठ्या मात्रेत देण्याची प्रथा रूढ झाली. भाजलेल्या रुग्णात मात्र ही एकवेळची मात्राही काळजीपूर्वक वापरावी लागते. औषध लवकर संपल्याने दिवसाचा बराच भाग रुग्ण औषधाविना राहण्याचा संभव असतो.

ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ऊडी, जेसन रॉबर्ट्‌स व जेफ्री लिपमन यांनी २०१० साली मूत्रपिंडांच्या या वाढलेल्या कार्यास स्वतंत्र संज्ञा देऊन त्याचा आढावा घेतला. शरीराच्या १.७३ चौ. मी. पृष्ठफळास दर मिनिटाला १३० मिलि.पेक्षा अधिक उत्सर्जन ही त्याची मर्यादा सामान्यतः धरली जाते. भाजलेल्यांखेरीज अपघातग्रस्त, मेंदूस इजा झालेले व तीव्र संसर्ग झालेले तरुण रुग्ण यांतही ही अवस्था आढळते. भाजलेल्यांच्या बाबतीत १९७८ मध्येच नोंदलेली गोष्ट अशा रीतीने तीस वर्षांनंतर अतिदक्षता वैद्यकाचा सर्वसाधारण विषय बनली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दहा देशांतील ६८ रुग्णालयांच्या एका पाहणीत, संसर्गासाठी पेनिसिलीन व तत्सम औषधे घेणाऱ्या अतिदक्षता विभागांतील शेकडा १६ रुग्णांत किमान अपेक्षित पातळीही राखली गेली नव्हती व अशा रुग्णांत उपचारास यश कमी होते.

भारतातील परिस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले व प्रतिजैवांच्या उपलब्धतेचा प्रश्न क्रमाने सुटत गेला. परंतु त्यांची रक्तातील पातळी मोजण्याच्या सोयी त्या मानाने फार थोड्या ठिकाणी निर्माण झाल्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील चिकित्सीय औषधविज्ञान विभागाने अशा मापनाची सेवा चालविली आहे; तिचा उपयोग मुख्यत्वे अपस्मारावरील औषधांसाठी होत आला. पातळी मोजण्याची सोय नसेल तेथे मूत्र गोळा करून क्रिॲटिनिनाचे उत्सर्जन काढणे, वितरण-घनफळ वाढलेले असताना पहिली मात्रा मोठी देणे व पेनिसिलीनवर्गीय औषधे संथ गतीने देणे या कमी खर्चाच्या उपायांवर भिस्त ठेवावी लागते.

औषधरोधामुळे हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला व स्यूडोमोनस यांचे कार्बापेनेमरोधी प्रकार भाजलेल्यांच्या विभागांत आढळू लागल्याने कोलिस्टीन हे जुने औषध पुन्हा वापरावे लागले. मूत्रपिंडांवरील अपायामुळे १९८० पर्यंत ते बहुतेक ठिकाणी मागे पडले होते. शरीरात ज्या संयुगाच्या रूपाने ते दिले जाते त्याचे प्रत्यक्ष औषधात रूपांतर होण्यापूर्वीच बराच भाग मूत्रपिंडांवाटे निघून जातो. म्हणून ज्यांची मूत्रपिंडे अतिशय कार्यक्षम असतात त्यांच्यात पुरेशी पातळी गाठणे अवघड असते, असे २०१० नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. अपुरी मात्रा रुग्णाला तर घातक ठरतेच. शिवाय अर्धवट दबलेल्या जंतूंतून औषधरोधी जंतू निवडले जाऊन शेजारच्या खाटेवरील रुग्णालाही धोका उत्पन्न होतो.

सद्यःस्थिती व मर्यादा : मोठी मात्रा म्हणजे चांगली मात्रा, असा या इतिहासाचा अर्थ नाही. अवसादाच्या पहिल्या अवस्थेत, वृद्धांत आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्यांत औषध साठून अपाय होतो. कार्बापेनेमे व सेफॅलोस्पोरिने यांच्या अतिरेकाने झटके येऊ शकतात. एकाच रुग्णाची गरज आठवड्याभरात दोन्ही दिशांनी बदलू शकते, म्हणून एकदा ठरविलेली मात्रा वारंवार तपासावी लागते. भाजल्यानंतर संसर्ग होण्यापूर्वीच सर्व रुग्णांना प्रतिजैवे देत राहण्याची जुनी प्रथाही त्याज्य मानली जाते.

पातळी मोजून मात्रा बदलल्याने मृत्यू निश्चितपणे किती टळतात, याचा निर्णायक पुरावा अद्याप थोडा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या व ७,००० हून अधिक गंभीर संसर्गग्रस्त रुग्णांचा समावेश असलेल्या चाचणीत पेनिसिलीनवर्गीय औषध अखंड दिलेल्यांपैकी ९० दिवसांत शेकडा २४.९, तर ठराविक अंतराने दिलेल्यांपैकी शेकडा २६.८ रुग्ण मरण पावले. हा फरक सांख्यिकी कसोटीस पूर्णपणे उतरला नाही. ही चाचणी सर्वसाधारण अतिदक्षता रुग्णांवरील होती. भाजलेल्या रुग्णांची संख्या एकेका केंद्रात कमी असल्याने व त्यांच्यातील फरक मोठे असल्याने केवळ त्यांच्यावर एवढी मोठी चाचणी घेणे कठीण आहे. तरीही औषधाची पातळी मोजल्याने उपचारातील एक अज्ञात गोष्ट ज्ञात होते. संसर्ग हटत नसेल, तर औषध बदलावयाचे की मात्रा, हे वैद्यास पाहून ठरविता येते. १९७६ पूर्वी या निर्णयास आधार नव्हता.